हाकेला येतं ते कोण?

[दृश्य: टेक्सास, एडवर्ड्स पठार. फेब्रुवारीतली पहाट. खुरटं रान, दूरवर मेंढवाड्याचं जाळीचं कुंपण.]

हे टेक्सासमधलं एडवर्ड्स पठार. चुनखडीची जमीन, बेताचा पाऊस, आणि नजर जाईल तिकडे मेस्किटची झुडपं आणि निवडुंग. मेस्किट म्हणजे आपल्या माळांवर माजलेल्या वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक. निवडुंग तर आपल्याकडे आला तोच अमेरिका खंडातून. त्यामुळे सांगोला-जतकडच्या माणसाला हे रान फारसं परकं वाटणार नाही. इथला धंदाही ओळखीचा आहे: मेंढ्या आणि शेळ्या.

मेंढरं आली की त्यांच्या मागावर कुणीतरी येतंच. आपल्या धनगरांच्या वाड्यामागे लांडगा असतो, इथं कायोटी. जखमी सावजाचा आवाज काढून त्याला जवळ बोलवायचं आणि मारायचं, अशा शिकारीची ही गोष्ट.

[दृश्य: कुंपणाच्या कडेकडेनं चालणारा कायोटी.]

कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण 10 ते 16 किलो. खाण्याचे चोचले अजिबात नाहीत: ससे, उंदीर, टोळ, निवडुंगाची बोंडं, मेलेलं जनावर, आणि सापडलं तर कोकरू. एकेकाळी हा पश्चिमेकडच्या गवताळ आणि कोरड्या मुलखाचा रहिवासी. माणसानं लांडगे संपवले, जंगलं तोडली, आणि मोकळी झालेली जागा कायोटीनं व्यापली. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. शिकागोसारख्या शहरातही तो पिल्लं वाढवतो.

त्याला संपवायचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. 1931 साली अमेरिकी संसदेनं कायदा करून शिकारी प्राण्यांच्या बंदोबस्ताला सरकारी पैसा दिला. सापळे, फास, विमानातून गोळ्या, विषारी आमिषं, सगळं झालं. विषाचा कहर इतका झाला की 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना केंद्र सरकारच्या जमिनींवर ते वापरायला बंदी घालावी लागली. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्याकडे आज कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. टेक्सासमध्ये मात्र कायोटीला आजही ना बंदीचा हंगाम, ना संख्येची मर्यादा. 2018 या एका वर्षात अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेनं 68 हजारांहून अधिक कायोटी मारले. खाजगी शिकाऱ्यांनी मारलेले वेगळेच.

आणि तरीही कायोटी आहे तिथं आहे.

[दृश्य: शिकाऱ्याचे हात. तळव्यावर बोटभर लांबीची नळी.]

आपण ज्या शिकारीबद्दल बोलणार आहोत, तिचं मुख्य हत्यार हे आहे. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नळी, तोंडाशी एक पातळ पत्ती. जत्रेतली पिपाणीच म्हणा. पत्तीच्या टोकाशी ओठ दाबले की उंदराची चिवचिव निघते. ओठ मागे सरकवले की मोठ्या सशाचा घोगरा आक्रोश. दुसऱ्या हाताची ओंजळ उघडायची, मिटायची, म्हणजे आवाजाला हेलकावा येतो. कडाक्याच्या थंडीत फुंकरीतली वाफ पत्तीवर गोठते आणि ऐन वेळी आवाज बसतो, म्हणून ती शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायची.

पूर्वी हे आवाज नुसत्या तोंडानं काढत. याच राज्यातल्या मार्बल फॉल्स गावचे मरी आणि विन्स्टन बर्नहॅम हे भाऊ ही विद्या वडिलांकडून शिकले आणि 1950च्या दशकात त्यांनी अशा पिपाण्या बनवून विकायला सुरुवात केली. पुढे वेको शहरातल्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या काढल्या. आता रिमोटवर चालणारे डिजिटल भोंगे आहेत, शेकडो आवाज साठवलेले.

[दृश्य: ओढ्याच्या खोलगट भागात उभी गाडी. शिकारी आणि त्याचा जोडीदार चालत निघतात.]

आवाज काढणं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ते वारं. गाडी नजरेआड लावलेली आहे, दार आपटलेलं नाही, नुसतं टेकवलंय. आता बघा, तो खिशातून छोटी बाटली काढून दाबतोय. बारीक पावडरीचा झोत उडाला. तो कुठे वाहतो ते पाहायचं आणि मगच जागा ठरवायची. पाठीशी झुडूप, म्हणजे माणसाचा आकार उठून दिसत नाही. सूर्यही पाठीशी. आणि वारं जिकडे वाहतंय ती बाजू मोकळी, स्पष्ट दिसणारी. कारण कायोटी सरळ येईल, पण शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा वळसा घेईल आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन वास घेईल. कानांवर त्याचा विश्वास आहे, नाकावर त्याहून जास्त. म्हणून जोडीदार शॉटगन घेऊन त्याच बाजूला दबा धरून बसलाय.

[फक्त आवाज: सशाचा आक्रोश. आधी हळू, थोड्या वेळानं मोठ्यानं. मग शांतता.]

आधी हळू, कारण एखादा कायोटी हाकेच्या अंतरावरच झोपलेला असू शकतो. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहायची. बॉबकॅटसाठी, म्हणजे आखूड शेपटीच्या तिथल्या रानमांजरासाठी, त्याच्या दुप्पट. ते चार पावलं टाकतं, बसतं, नुसतं बघत राहतं. ग्रे फॉक्स, म्हणजे तिथलं करडं खोकड, मात्र विचार करत नाही, थेट अंगावर धावत येतो.

आला. डावीकडे, झुडपांच्या मधून, तिरकी दुडकी चाल. थांबला. कान पुढे. आता वळसा घेतोय, नाक वर उचललेलं. शिकारी तोंडानंच एक हलकं भुंकतो, कायोटी क्षणभर थबकतो, आणि गोळी सुटते.

[दृश्य: पडलेल्या जनावराजवळ वाकलेला शिकारी. त्याचे दात पाहतो.]

शुभ्र, न झिजलेले दात. वर्षाच्या आतलं जनावर. अशीच जनावरं सशाच्या आवाजाला सहज भुलतात. शरद ऋतूत आई-बापांपासून सुटलेली, स्वतःचा मुलूख नसलेली, भुकेली आणि अननुभवी. एकदा गोळी हुकलेली, जोडीदार पडलेला पाहिलेली थोराड जनावरं तो आवाज ओळखून असतात. ती येत नाहीत.

मग कोकरं मारतं कोण? कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या हॉपलंड इथं, मेंढ्यांच्या संशोधन केंद्रावर, 1990च्या दशकात कायोटींना रेडिओ कॉलर लावून हे तपासलं गेलं. मारणारे निघाले ते जवळजवळ सगळे स्वतःचा मुलूख राखणारे, पिल्लं असलेले नर-मादी. ती जोडी काढली तर त्या भागातलं नुकसान थांबलं, नवी जोडी येईपर्यंत. इतर कितीही मारले तरी फरक पडला नाही. युटामध्ये तर शस्त्रक्रियेनं वंध्य केलेल्या जोड्यांच्या मुलखात कोकरं कमी मेली. भरवायला पिल्लंच नाहीत, तर एवढं मोठं सावज पाडायची गरज उरत नाही.

सरसकट मारण्याचा हिशेब त्याहून जुना आहे. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी गणिती प्रारूप मांडलं: कायोटी नामशेष करायचे तर दरवर्षी त्यांच्यातले 75 टक्के मारावे लागतील, आणि तेही वर्षानुवर्षं. त्याहून कमी मारले तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, रिकामा मुलूख भरून निघतो.

म्हणूनच कायोटींचे ढीग रचून बक्षिसं वाटणाऱ्या स्पर्धांचं समर्थन मला पटत नाही. त्या ढिगात मेंढपाळाचा गुन्हेगार असलाच तर योगायोगानं. कॅलिफोर्नियानं 2014 मध्ये अशा बक्षिसांवर बंदी आणली, टेक्सासच्या शेजारच्या न्यू मेक्सिकोनं 2019 मध्ये या स्पर्धाच बंद केल्या. टेक्सासमध्ये त्या चालू आहेत. युटा 2012च्या कायद्यापासून प्रत्येक कायोटीमागे 50 डॉलर देत आलं आहे, हरणं वाचावीत म्हणून.

[फक्त आवाज: एकट्या कायोटीची लांब आरोळी. थोड्या वेळानं दुरून दोघांचं उत्तर.]

जाणता शिकारी वेगळा आवाज निवडतो. ही आरोळी परक्या कायोटीची आहे, कुणाच्या तरी मुलखात घुसलेल्या. ती ऐकून भटकं पोर पळून जाईल. येईल तो त्या मुलखाचा मालक. उन्हाळ्यात पिल्लाच्या विव्हळण्याचा आवाज काढतात, तेव्हा आई-बाप धावत येतात. हे निर्दय आहे, ते तसंच म्हणायला हवं. पण हाकेला कोण येणार, हे हाकेवर ठरतं. 1938 मध्ये कुमाऊँत जिम कॉर्बेट यांनी ठाकच्या नरभक्षक वाघिणीला बोलावलं ते नर वाघाची डरकाळी काढून, कारण ती जोडीदार शोधत होती. त्यांना वाघ नको होते, ती एक वाघीण हवी होती.

[दृश्य: मेंढवाडा. पांढरा, दांडगा ग्रेट पिरेनीज कुत्रा मेंढ्यांत बसलेला.]

बरेच मेंढपाळ आता आधी राखणीची कुत्री, गाढवं किंवा लामा नावाचं उंटाच्या कुळातलं जनावर ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीनं 2000 मध्ये सरकारी शिकाऱ्यांशी करार संपवला आणि तो पैसा कुंपणं आणि कुत्र्यांकडे वळवला. तरीही एखाद्या कळपात कोकरं मरत राहतात, आणि शिकाऱ्याला फोन जातो.

तो येतो तेव्हा पिपाणी खिशातच असते. आधी मेलेलं कोकरू पाहतो. गळ्यावरची कातडी सुरीनं सोलून खाली बघतो. दातांच्या खुणांभोवती रक्त साकळलं असेल, तर कोकरू जिवंत असताना गळा धरला गेला. ही बहुधा कायोटीची रीत. रक्त साकळलेलं नसेल, तर ते आधीच मेलेलं होतं आणि कायोटीनं फक्त खाल्लं. आणि चावे मागच्या पायांवर, पोटावर, कानांवर, कसेही विखुरलेले असतील, तर बंदूक गाडीतच राहते आणि चौकशी आसपासच्या घरांतल्या पाळीव कुत्र्यांची सुरू होते.