विकायचीच वेळ आली, तर कोणती गाडी विकावी?

मंडळी, मोटारींचं संग्रहालय एका रात्रीत बुडत नाही. एका गाडीभोवती माणसांना फिरायला जागा सोडली, की वीस-पंचवीस चौरस मीटर सहज जातात. शंभर गाड्यांना केवढी इमारत लागेल, हिशेब तुम्हीच करा. छप्पर, विमा, रखवाली, हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणं, हा सगळा खर्च प्रेक्षक आले नाहीत तरी चालूच राहतो. शिवाय गाडी नुसती उभी राहूनही खराब होते. टायरवर महिनोन्‌महिने एकाच जागी भार आला की तो तिथे चपटा पडतो, म्हणून गाडी स्टँडवर उचलून ठेवावी लागते. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं की त्याचा चिकट थर बसतो आणि कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं, बुजतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, चाकातले सिलिंडर आतून गंजतात, आणि एक दिवस गाडी हलवायला जावं तर चाक फिरतच नाही. नुसत्या तिकिटांवर हे सगळं भागवणं फार कठीण. म्हणून अशी कितीतरी संग्रहालयं एका हौशी, श्रीमंत माणसाच्या जिवावर उभी असतात.

तो माणूस गेला की काय होतं, याची ठळक उदाहरणं अमेरिकेत आहेत. नेवाडातल्या रेनो शहरात बिल हॅरा या कॅसिनोमालकाने सुमारे १,४०० गाड्या जमवल्या होत्या. १९७८ मध्ये ते वारले. १९८० मध्ये त्यांची कंपनी हॉलिडे इन या हॉटेल कंपनीने विकत घेतली आणि १९८४ पासून सलग तीन वर्षं लिलाव झाले. सुमारे १७५ गाड्या तेवढ्या बाजूला निघाल्या, म्हणून १९८९ मध्ये तिथे राष्ट्रीय मोटार संग्रहालय उभं राहू शकलं. मिसिसिपीतल्या टुपेलोचं संग्रहालय २००२ मध्ये सुरू झालं, त्याचे संस्थापक फ्रँक स्पेन २००६ मध्ये गेले, आणि २०१९ मध्ये संग्रहालय बंद होऊन गाड्या लिलावात निघाल्या. माणसाची हौस वारशात मिळत नाही. खर्च मात्र मिळतो.

आता मुद्द्यावर येतो. अडचणीतल्या विश्वस्तांना वाटतं, नावाजलेल्या गाड्या काही झालं तरी ठेवायच्या आणि कोपऱ्यातल्या साध्यासुध्या गाड्या आधी काढायच्या. माझं मत नेमकं उलटं आहे. विकणं टळतच नसेल, तर महागडी गाडी विका आणि स्वस्त गाडी ठेवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस मोटर स्पीडवे या शर्यतीच्या मैदानाच्या संग्रहालयाने त्यांची मर्सिडीज डब्ल्यू १९६ आर ही शर्यतीची गाडी विकली. हे संग्रहालय काही बुडीत नव्हतं. स्पीडवेशी थेट नातं नसलेल्या गाड्या विकून पैसा उभा करायचं त्यांनी ठरवलं होतं. १९५५ साली फॅन्जिओ आणि स्टर्लिंग मॉस या दोघांनी शर्यतीत चालवलेली ही गाडी, खुद्द कंपनीने १९६५ मध्ये भेट दिलेली. तिला ५ कोटी ११ लाख ५५ हजार युरो आले. अनेकांना वाईट वाटलं, आणि इतकी मोलाची गाडी सर्वांच्या नजरेआड जाऊ शकते याचं मलाही वाटतं. पण गाडीच्या जिवाची काळजी मला नाही. पाच कोटी युरो मोजणारा माणूस तिला पावसात ठेवणार नाही. तिची छायाचित्रं, शर्यतींच्या नोंदी, सगळं जगभर आहे.

आता दुसरी गाडी डोळ्यांसमोर आणा. चार दरवाज्यांची, घरगुती वापराची, लाखोंनी निघालेली. अशीच गाडी पटापट नाहीशी होते, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर गेला की ती भंगारात जाते. संग्रहालयात असते ती त्यातून वाचलेली. चालकाच्या बाजूच्या खिडकीची कड कोपर टेकून टेकून घासलेली, रंगाखालचा प्रायमर दिसतोय. मागच्या सीटला जवळपासच्या रंगाच्या कापडाचं ठिगळ, घरीच हाताने घातलेलं. दाराच्या आतल्या कडेला सर्व्हिसिंगचा कागद, किलोमीटरचा आकडा पुसट झालेला. एका कुटुंबाने गाडी कशी वापरली हे त्या ठिगळावरून कळतं. कुठल्याही माहितीपुस्तकात ते नसतं. लिलावात अशा गाडीला फारसं कुणी विचारत नाही. घेतलीच कुणी, तर सुटे भाग काढायला घेईल, किंवा नवा रंग मारून, नवी सीट चढवून चकाचक करेल. दोन्हीकडून ती गेलीच. आणि ती विकून संग्रहालयाच्या हाती येतं किती? एखाद्या महिन्याचा खर्चसुद्धा निघत नाही.

यावर विश्वस्त म्हणतात, पण लोक येतात ते महागड्या गाड्या बघायला. हे खरं आहे, मी नाकारत नाही. एखाद-दोन गाड्या त्यासाठी राहू द्या. पण दालनात थोडा वेळ उभे राहून बघा. रेसिंग कारसमोर लोक फोटो काढून पुढे सरकतात. साध्या गाडीपाशी आजोबा थांबतात आणि नातवाला गिअर कुठे होता ते दाखवतात.

लिलावाआधी आणखी एक वाट असते, ती म्हणजे संग्रह न फोडता एकगठ्ठा सोपवणं. स्वीडनची साब ही मोटार कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ट्रोलहेटनमधल्या तिच्या संग्रहालयातल्या सुमारे १२० गाड्यांसाठी बोली मागवल्या गेल्या. नगरपालिका, संरक्षण क्षेत्रातली साब एबी आणि वॉलेनबर्ग प्रतिष्ठान यांनी मिळून संग्रह घेतला आणि तो गावातच राहिला. इटलीत बेर्तोने या गाड्यांची रचना करणाऱ्या कंपनीच्या ७९ गाड्या सरकारने आधीच संरक्षित ठरवल्या होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या एकत्रच विकाव्या लागल्या, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या महासंघाने त्या घेतल्या. फ्रान्समधल्या म्युलूजची कथा तर विलक्षण आहे. श्लुम्फ बंधूंच्या कापड गिरण्या बसल्या, बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले, आणि १९७७ मध्ये कामगारांनी आवारात घुसून बघितलं तर आत चारशेच्या वर गाड्या, त्यांतल्या शंभरावर बुगाटी. पगाराविना बसलेल्या त्या कामगारांनी गाड्या लुटून नेल्या नाहीत. त्यांनी दोन वर्षं आवार ताब्यात ठेवलं आणि गाड्या लोकांना दाखवल्या. १९७८ मध्ये संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, १९८२ मध्ये संग्रहालय उघडलं. या तिन्ही ठिकाणी वेळेवर कुणीतरी ‘फोडू नका’ म्हणालं आणि त्या म्हणण्यामागे कायदा, पैसा किंवा माणसं उभी राहिली. संग्रहालयाने अडचण लपवून ठेवली, तर ते म्हणायला कुणी येणार तरी कसं?

शेवटी कागदपत्रं. गाडी विकली की तिचे कागद गाडीबरोबर जाणार, गेलेच पाहिजेत, त्यांच्याशिवाय गाडीला किंमत येत नाही. पण नोंदणीचे जुने दाखले, सर्व्हिस बुक, देणगीदाराचं पत्र यांची प्रत संग्रहालयात राहिली पाहिजे. चेसिस आणि इंजिन नंबरची छायाचित्रं काढून ठेवा. मूळ रंग कुठे शाबूत आहे, कोणता भाग कधी बदलला, हे गाडी सांभाळणाऱ्या मेकॅनिकला बसवून लिहून घ्या. त्याचा पगार बंद होण्याआधी. आणि हे काम लिलावगृहाशी करार होण्याआधीच उरका, कारण यादी छापायची म्हणून फायली सगळ्यात आधी तेच मागून नेतात.