जिंकलेला डाव कोण बघतो?

तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असणार. २००४ साल, कॅलिफोर्नियातली व्हिडिओ गेम मारामारीची 'इव्हो' स्पर्धा, खेळ 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'. जपानचा दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळतोय, समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग, त्याच्याकडे चुन-ली हे पात्र. दाइगोची लाइफ इतकी थोडी उरलीय, की सुपर, म्हणजे चुन-लीचा सगळ्यात जोरदार हल्ला, नुसती ब्लॉक केली तरी चिप डॅमेजने, म्हणजे अडवलेल्या फटक्यानंही जाणाऱ्या थोड्या लाइफने, तो संपेल. जस्टिन सुपर मारतो. दाइगो १५ च्या १५ लाथा पॅरी करतो आणि उलट त्यालाच लोळवतो. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला!

आता सांगा, ती स्पर्धा जिंकली कोणी? बघा, सगळे गप्प. केंजी ओबातानं. अंतिम फेरीत त्यानं दाइगोला हरवलं. आपण पाहतो तो तुकडा त्याच्या आधीच्या फेरीचा.

मला त्या तुकड्यात दाइगोच्या बोटांपेक्षा जस्टिनचा मोह जास्त दिसतो. पॅरी म्हणजे फटका लागायच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलणं. सुपरची पहिली लाथ नुसती डोळ्यांनी बघून अडवणं जवळपास अशक्य, ती येणार हे आधी ओळखावं लागतं. दाइगोनं ते ओळखलं, कारण त्या घडीला जस्टिन दुसरं काय करणार होता? जस्टिनच्या जागी मी असतो, तर घरी जाऊन 'तो देवासारखा खेळला' म्हणालो असतो आणि माझी सवय कुणालाही वाचता येते, हे सोयीस्कर विसरलो असतो. दाइगोच्या जागी असतो तर त्याहून वाईट. हातच इतके तयार आहेत, मग शिकायचं काय राहिलं!

माझ्याकडे एक वही आहे. पहिली दोन वर्षं तिच्यात फक्त हरलेले सामने. जिंकलेल्या सामन्याचा रिप्ले मी कधी उघडलाच नाही. गुलाल उधळला की खालची जमीन कुठे दिसते? एका रँकपर्यंत मी नुसत्या उड्या मारून जिंकत होतो. पुढच्या रँकला प्रत्येक उडीवर अपरकट, म्हणजे हवेतल्याला खालून वर मारलेला ठोसा. लागोपाठ अकरा सामने हरलो, कंट्रोलरला शिव्या घातल्या (तो बिचारा नवा होता). मग जुने विजय काढून बघितले. तीच उडी, तीच वेळ. समोरच्यांना अपरकट येत नव्हता, एवढंच.

तेव्हापासून वहीत विजयाखाली एक प्रश्न लिहितो: समोरच्यानं काय केलं असतं तर मी हरलो असतो? हरल्यावर मात्र एकच चूक लिहितो. दहा लिहिल्या की एकही सुधारत नाही, शिवाय रात्रीची झोप जाते.

आणि जस्टिन? २००९ च्या इव्होत, 'स्ट्रीट फायटर फोर'च्या अंतिम फेरीत, दाइगोसमोर पुन्हा तोच होता. हरला, पण त्याआधी त्यानं एक सेट जिंकून दाइगोला पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावलं. तो रिप्ले आता आपण लावूया. दिवे जरा मालवता का?