ओली की सुकी? अळंबीतल्या धातूंवरून एक भांडण

मागे ऐकू येतंय ना? ज्यांना येत नाहीये त्यांनी हात वर करा. कोणीच नाही, छान.

अध्यक्षांनी माझी ओळख 'मशरूमवाल्या बाई' अशी करून दिली, पण खरं सांगायचं तर मी मशरूमवाली नाही, मी मोजणारी आहे. नमुना वाळवायचा, दळायचा, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, मशीनला लावायचा आणि त्यात कॅडमियम किती, शिसं किती, पारा किती ते सांगायचं, यातच माझी सगळी नोकरी सरली. पाणी केलं, तांदूळ केला, मासे केले, खाडीचा गाळ केला, आणि निवृत्तीच्या तोंडावर अळंबी आली आणि तिने मला जे धरलंय ते अजून सोडलेलं नाही. पत्रिकेवर विषय छापलाय 'अळंबीतील जड धातू : खावी की खाऊ नये'. त्यावर येतेच मी, चाळीस मिनिटं आहेत, भरपूर झाली. पण त्याआधी मला एक भांडण करायचंय, ते इथे नाही करणार तर कुठे, घरी सगळ्यांनी ऐकून झालंय.

तर झालं असं, ओळखीतल्या एक ताई आहेत, तळकोकणात, बचत गटातून धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, करतात. भाताचा पेंढा गरम पाण्यात काढायचा, निथळायचा, पिशव्यांत स्पॉनबरोबर, म्हणजे अळंबीच्या बियाण्याबरोबर, थरावर थर भरायचा, शेडमध्ये टांगायच्या. पावसाळ्यात इतकी येते की ताजी खपत नाही, मग वाळवून पावडर करतात. कोणीतरी एक मोठा खरेदीदार मिळाला, माल बाहेर पाठवणारा, त्याने सांगितलं आधी धातूंची टेस्ट करून आणा. ताईंनी पदरचे पैसे भरून पावडर एका लॅबला दिली. रिपोर्ट आला, छान जाड कागद, वर लोगो, खाली शिक्का, आणि मधे एक ओळ, कॅडमियम ०.९ मिलिग्रॅम प्रति किलो. बस. कशाच्या प्रति किलो? ताज्या? वाळलेल्या? काही नाही. खरेदीदाराने युरोपचा नियम काढला. तिकडे धिंगरीला कॅडमियमची मर्यादा आहे किलोला ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे सहापट! ऑर्डर रद्द, वर त्याने गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की माल विषारी आहे. आता ज्या गावात कोणाच्या म्हशीने दूध कमी दिलं ते संध्याकाळपर्यंत देवळात कळतं, तिथे हे किती वेळात पसरलं असेल विचार करा.

ताईंचा फोन आला, रडत होत्या. "मॅडम, माझ्या धिंगरीत विष निघालं हो." मी म्हटलं आधी रिपोर्टचा फोटो पाठवा. फोटो बघून मी अशी चिडले, की आमचे हे म्हणाले बीपीची गोळी घे. कारण ती ०.१५ ची मर्यादा ताज्या वजनावर असते हो! आणि हा नमुना पावडरीचा. अळंबीत साधारण नव्वद टक्के पाणी. ०.९ ला दहाने भागा, ०.०९ येतं, आरामात पास. मी हे त्यांना समजावायला लागले, कोरडं वजन, ओलं वजन, आर्द्रता वगैरे, तर त्या मधेच म्हणाल्या, "म्हणजे दहा किलो ओली वाळवली की एकच किलो भरते, तसंच ना? मग त्या दहा किलोंतलं सगळं त्या एका किलोतच येणार की." मी गप्प. ही बाई सातवी शिकलेली. सही करणाऱ्याच्या नावापुढे पीएचडी होतं.

(लॅबचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ते मागचे गृहस्थ हसतायत, त्यांना माहिती असावं.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की अळंबीतल्या धातूचा कुठलाही आकडा समोर आला, पेपरात, फॉरवर्डमध्ये, कुठेही, की पहिला प्रश्न ओली की सुकी, आणि दुसरा प्रश्न कुठली अळंबी. लोक विचारतात कुठल्या जमिनीतली. तेही विचारा, पण नंतर. या दुसऱ्या प्रश्नासाठी मला तुम्हाला चेक देशात न्यायचंय, कारण तिकडचे लोक अळंबीवेडे आहेत, सुट्टीच्या दिवशी टोपल्या घेऊन अख्खं कुटुंब जंगलात, आपण आंब्याबद्दल बोलतो तसे ते अळंबीबद्दल बोलतात. साहजिकच संशोधनही तिथेच जास्त झालंय. पावेल कालाच म्हणून एक प्राध्यापक, त्यांनी या विषयावरचे सगळे विखुरलेले आकडे गोळा करून २००० साली मोठा आढावा लिहिला, आमच्यासारख्यांची पोथीच ती. आणि यान बोरोविचका म्हणून दुसरे, त्यांनी २००७ साली दाखवलं की अमानिता स्ट्रोबिलिफॉर्मिस नावाची एक अळंबी चांदी गोळा करते. जमिनीत किलोला जेमतेम एक मिलिग्रॅम, कधी त्याच्याही कितीतरी खाली, आणि अळंबीत काहीशे, एका नमुन्यात तर १२५३ मिलिग्रॅम! सुक्या वजनावर, हो, मीच विसरले असते. बायकांनो, लगेच टोपली उचलू नका, एक तोळा चांदीला दहा-बारा किलो सुकी अळंबी लागेल, म्हणजे शंभरेक किलो ओली. सराफच बरा.

आता ही चांदीची खाण नव्हे, साधी जमीन. शेजारी उगवलेल्या दुसऱ्या अळंबीत असलं काही नाही. तसंच ती लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, कार्टूनमधली, अमानिता मस्कारिया. तिच्यात व्हॅनेडियम नावाचा धातू भरपूर असतो हे १९३१ मध्येच कळलं होतं, १९७२ मध्ये ते ज्या संयुगात असतं ते वेगळं काढलं, अमावाडिन. जमिनीत व्हॅनेडियम कमी असो जास्त असो, ही आपलं भरूनच घेते, आणि कशाला घेते ते आजवर कोणालाही धड सांगता आलेलं नाही. सार्कोस्फेरा कोरोनारिया ही जांभळट, वाटीसारखी अळंबी, तिच्यात आर्सेनिक किलोला ७००० मिलिग्रॅमपर्यंत सापडलंय. आणि लोक पूर्वी ती खायचे!

इड्रियाचंही सांगते, स्लोव्हेनियातलं. तिथे पाऱ्याची खाण, जगात दुसऱ्या नंबरची, स्पेनमधल्या आल्मादेनच्या खालोखाल. गोष्ट अशी सांगतात की १४९० च्या सुमाराला एका लाकडी बादल्या करणाऱ्याने नवी बादली झऱ्यात भिजत ठेवली, सकाळी बघतो तर तळाशी काहीतरी चकाकतंय आणि बादली उचलत नाही. पुढे पाचशे वर्षं खाण चालली, आजूबाजूची माती पाऱ्याने भरली, आणि तिथल्या अळंब्यांत...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, आत्ताच तर सुरू केलं! बरं, चला, पटापट.

तिथल्या अळंब्यांत पारा भरपूर, एवढं लक्षात ठेवा. धातूंचा स्वभाव वेगवेगळा. कॅडमियम आणि पारा बऱ्याच जाती जमिनीपेक्षा कितीतरी पट जास्त ओढून घेतात, कॅडमियम पन्नास ते तीनशे पटसुद्धा. शिसं मात्र बहुधा जमिनीपेक्षा कमीच, त्यामुळे अळंबीत शिसं जास्त निघालं तर जवळ स्मेल्टर, म्हणजे धातू गाळायचा कारखाना, किंवा मोठा रस्ता आहे का ते बघा. चेकमध्ये प्रशिब्रामच्या स्मेल्टरजवळ हेच दिसलं. पानकुजीवर जगणाऱ्या जाती जास्त ओढतात. देठापेक्षा टोपीत जास्त असतं, त्यातही खालच्या पडद्यांत.

आता हिशेब, खावी की नाही याचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये कॅडमियमची आठवड्याची मर्यादा ठरवली, शरीराच्या किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दीडशे. आपल्या ताईंची धिंगरी पाव किलो ओली खाल्ली तर बावीस-तेवीस मायक्रोग्रॅम. काही होत नाही. पण अगॅरिकस आर्वेन्सिसच्या घराण्यातली रानटी अळंबी, जिच्यात सुक्या वजनावर किलोला पन्नास मिलिग्रॅम निघू शकतात, ती पाव किलो ओली खाल्ली तर साडेबाराशे, म्हणजे एका जेवणात आठ आठवड्यांचा कोटा. आणि कॅडमियम किडनीत जाऊन बसलं की दहा-दहा, तीस-तीस वर्षं हलत नाही. एकदा खाल्ल्याने माणूस पडत नाही, दर सीझनला टोपली भरून खाणाऱ्याने विचार करावा.

लागवडीच्या अळंबीत धातू येतो तो पेंढ्यातून, कोंड्यातून, पाण्यातून, तेव्हा पेंढा कुठला ते बघा, कारखान्याच्या सांडपाण्यावरचा नको. पावडर आणि कॅप्सूल रोज घेणाऱ्यांनी लेबलवर 'सुक्या वजनावर' लिहिलंय का ते विचारा, कारण तिथे दहाने भागायचं नसतं, तुम्ही सुकंच खाताय!

धुऊन जातं का, हा प्रश्न येणारच. नाही, माती जाते, आतलं जात नाही. उकळून पाणी टाकलं तर कॅडमियम थोडंफार उतरतं, चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातवाला किरणोत्सारी सीझियम बराच उतरतो, पारा ढिम्म. आणि ते पाणी खरोखर ओतून द्यायचं असतं, मागच्या व्याख्यानात एका काकूंनी विचारलं होतं की त्याचं सार केलं तर चालेल का.