निलम की पुरयिडम? केरळमधील भातजमिनीचा वाद

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे जमिनीचा वाद म्हटला की सातबारा, फेरफार आणि बांध हे शब्द आधी कानावर येतात. केरळमध्ये मात्र २००८ पासून न्यायालयांपुढे एक निराळाच प्रश्न सतत येत आहे. जमीन कोणाची याबद्दल तिथे कोणाचेही दुमत नसते. ती भातजमीन आहे की नाही, एवढ्यावरच सारा वाद असतो. तिथल्या महसुली नोंदीत भाताच्या खाचराला ‘निलम’ म्हणतात, तर घर, माड आणि फळझाडे असलेल्या कोरड्या जागेला ‘पुरयिडम’. या दोहोंपैकी कोणता शब्द आपल्या जमिनीपुढे लिहिला आहे, यावर तिथे घर बांधता येईल की नाही हे अवलंबून असते.

हा वाद २००८ च्या एका कायद्यातून येतो, आणि तो कायदा का करावा लागला, ते आकड्यांवरून कळते. १९७०च्या दशकाच्या मध्यास केरळमध्ये सुमारे पावणेनऊ लाख हेक्टरांवर भात होत असे; २००७-०८ पर्यंत हे क्षेत्र सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास आले. खाचरांत मातीचा भराव पडला, घरे उभी राहिली, माड आणि रबर लागले. म्हणून भातजमीन आणि पाणथळ जागांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १२ ऑगस्ट २००८ रोजी तो अमलात आला. त्यात भातजमिनीची व्याख्या व्यापक आहे. वर्षातून एकदा तरी भात होणारी जमीन तर तीत येतेच, पण भाताला योग्य असूनही पड राहिलेली जमीन, तसेच बांध, पाट आणि तळीही येतात. ‘योग्य असूनही पड’ या शब्दांवर पुढे असंख्य याचिका झाल्या.

अशा जमिनींची यादी, म्हणजे डेटा बँक, प्रत्येक गावात स्थानिक समितीने करायची होती. पंचायतीचा अध्यक्ष, कृषी अधिकारी, गाव अधिकारी आणि भातशेतकऱ्यांचे तीन प्रतिनिधी अशी ती समिती. रचना उत्तम होती, पण माझ्या मते खरी चूक इथेच झाली: अनेक ठिकाणी शेतात न जाता जुन्या नोंदवहीवरूनच यादी उतरवली गेली.

याचा परिणाम जवळून पाहू. समजा, एका कुटुंबाकडे १० सेंट म्हणजे आपले ४ गुंठे जमीन आहे. तीवर वीस-पंचवीस वर्षांचे माड उभे आहेत, चहूबाजूंना घरे आहेत, पण नोंदीत ‘निलम’ असल्याने ती डेटा बँकेत गेली. आता ती यादीतून वगळून घेण्यासाठी त्या कुटुंबाला फॉर्म ५ भरून महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांकडे, अर्ज करावा लागतो. कृषी अधिकाऱ्याचा अहवाल येतो, गरज पडल्यास राज्याच्या दूरसंवेदन केंद्राकडून २००८ च्या सुमाराचे उपग्रहचित्र मागवले जाते. त्यात माडांचे शेंडे दिसले, तर जमीन कायद्याआधीच बदललेली होती याला मोठा आधार मिळतो. अर्ज इतके साचले की पुढे उपजिल्हाधिकाऱ्यांनाही ते निकाली काढण्याचे अधिकार द्यावे लागले.

केरळ उच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे की, १२ ऑगस्ट २००८ रोजी जमिनीचे स्वरूप काय होते आणि ती भाताला योग्य होती का, हे पाहूनच निर्णय द्यावा. केवळ पड आहे म्हणून ती यादीत ठेवणे पुरेसे नाही, आणि कारणे न देता अर्ज फेटाळता येत नाही. नोंदीत ‘निलम’ असूनही डेटा बँकेत नसलेल्या जमिनींना १९६७ चा जुना भूवापर आदेश लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. २०१८ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी शुल्क भरून वापर बदलण्याची वाट काढली.

छोट्या मालकाची अडचण खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे आहे. तरीही मी या कायद्याच्या बाजूनेच बोलत आहे. कोकणात वा गोव्यात भात लावलेल्या श्रोत्यांना ठाऊक आहे की, पाणी एका खाचरातून बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते. मधले एक खाचर मातीने भरले की वरच्याचे पीक कुजते आणि खालच्याचे सुकते, आणि त्या दोघांनी कोणताही अर्ज केलेला नसतो. म्हणूनच यादीतून एक तुकडा वगळताना शेजारच्या भातशेतीवर काय परिणाम होईल, हेही अधिकाऱ्याने पाहावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. उपग्रहचित्रात माड दिसतो, घराचे छप्पर दिसते. पण पाणी कोणत्या तोंडातून कुठे उतरते, हे पाहायला आषाढात त्या बांधावर जाऊन उभेच राहावे लागते.