236 मैल कुठून आणलेत हो?

नमस्कार मंडळी! "बडोद्यात बसून समुद्राच्या गप्पा काय मारतोस, घरातून विश्वामित्री नदी तरी दिसते का?" असं एका काकांनी लिहिलंय. काका, गायकवाडांच्या संस्थानात द्वारका आणि ओखा होतं. आपला समुद्राशी संबंध जुनाच आहे.

विषय तुम्हीच मागितलेला, देशाचा समुद्र किती लांबपर्यंत? सोपं आहे, पटकन उरकतो. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार, कलम 3. प्रादेशिक समुद्र जास्तीत जास्त 12 सागरी मैल. आपला 1976 चा कायदाही 12च म्हणतो. सागरी मैल 1852 मीटरचा, म्हणजे झाले साधारण 22 किलोमीटर. तिथलं पाणी, खालचा तळ, वरचं आकाश, सगळं त्या देशाचं. परक्या जहाजाला मात्र काही उपद्रव न करता तिथून जाता येतं. झालं.

आता खरं दुखणं. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांनी बेरीज केली आहे. प्रादेशिक 12, लगतचा पट्टा 24, अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथले मासे, तेल-वायू त्या देशाच्या हक्काचे) 200, एकूण 236. अरे, कशाला? तिन्ही आकडे एकाच रेषेपासून मोजायचे!

हे बघा. (फूटपट्टी दाखवतो) शून्य इथे. 12, 24 आणि 200 याच शून्यापासून. म्हणजे लगतचा पट्टा 12 च्या पुढे फक्त आणखी 12 मैल, आणि आर्थिक क्षेत्र 12 च्या पुढे 188.

अजून नाही पटलं? बडोद्याहून सुरत साधारण 130 किलोमीटर, मुंबई सेंट्रल साधारण 390. मुंबईला निघालात, तर खिडकीवर 520 किलोमीटरचं तिकीट मागता का? सुरत वाटेतच येते ना!

बरं, खरी घटना घ्या. फेब्रुवारी 2012, केरळचा किनारा. 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरून गोळीबार झाला आणि आपले दोन मच्छीमार गेले. जागा किनाऱ्यापासून साधारण 20.5 सागरी मैलांवर. 12 च्या बाहेर, पण 24 च्या आत. या पट्ट्यात देशाला जकात, कर, इमिग्रेशन, आरोग्य, एवढ्यापुरताच वचक ठेवता येतो. त्यामुळे खटला कुणी चालवायचा यावरच वाद पेटला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे केरळ राज्याच्या हातात नाही, केंद्राने बघावं. पुढे प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं आणि निकाल लागला 2020 मध्ये. साडेआठ मैलांच्या फरकाने केवढं रामायण झालं बघा.

आता तो शून्य कुठे? मी आजीला घेऊन कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला गेलो होतो. भरतीची वेळ बघितली नव्हती, चूक माझीच. पोचलो तर मंदिर पाण्याखाली! शेंगदाणे खात बसून राहिलो. संध्याकाळी पाणी ओसरलं, तेव्हा आजी म्हणाली, "मग किनारा नेमका कुठला रे? मघाचा की आत्ताचा?"

आजी, आत्ताचा! ओहोटीला पाणी जिथवर मागे सरतं ती रेषा, तीच साधारणपणे आधाररेषा. सरकारी सागरी नकाशावर ती आखलेली असते. आखातांना आणि फार दातेरी किनाऱ्यांना वेगळे नियम आहेत, तिथे सरळ रेषा ओढतात. तेव्हा "मग खंभातच्या आखातात 12 मैल कुठून?" असं लगेच विचारू नका, त्यावर अख्खा व्हिडिओ लागेल. आणि रेषेच्या आतलं, जमिनीकडचं पाणी तर आणखीनच पक्कं आपलं, तिथे ती परक्या जहाजाला जाऊ देण्याची सवलतही सहसा नाही.

एकाने विचारलंय, पूर्वी 3 मैल होते ना? हो, बरेच देश तेवढेच धरायचे, आणि त्याचा संबंध तोफेच्या पल्ल्याशी लावतात.

चला, शेव उसळ थंड होतेय. आणि 236 वाले दादा, तुमची कॉमेंट मी पिन केली आहे. एडिट करायला रात्रीपर्यंत वेळ देतो.