काचेआडची सामस

[काळा पडदा. जुन्या कन्सोलचं संगीत. नारिंगी चिलखतातली एक आकृती हळूहळू उमटते.]

मराठीत 'व्यक्ती' हा शब्द मोठा सोयीचा आहे. 'ती व्यक्ती आली' म्हटलं, की आलेली बाई आहे की पुरुष, हे गुलदस्त्यातच राहतं. या गोष्टीची सुरुवात आम्ही त्याच शब्दाने करतोय. पुढे तो फार वेळ पुरणार नाही.

६ ऑगस्ट १९८६. जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलच्या डिस्क सिस्टिमवर 'मेट्रॉइड' नावाचा गेम येतो. झेबेस ग्रहाच्या पोटातल्या भुयारांमध्ये एक व्यक्ती एकटीच उतरते. डोक्यावर हेल्मेट, उजव्या हातावर तोफ. नाव सामस अरान. इंग्रजी माहितीपुस्तिकेत या सामसचा उल्लेख सरळ 'तो' असा होता. तास न् तास खेळणाऱ्याच्या मनातही 'तो'च असायचा.

आणि मग गेम पाच तासांच्या आत संपवला, तर हेल्मेट उतरायचं. मोकळे, लांब केस.

[जुन्या गेमचा शेवट. आकृती स्थिर.]

ही कल्पना आधीपासून ठरलेली नव्हती. काम चालू असतानाच गटातल्या कुणीतरी विचारलं, की आत बाई निघाली तर काय मजा येईल! आणि ते राहिलं. त्याच गटातले आणि मालिकेचा पुढे चेहरा बनलेले योशिओ साकामोतो यांनी ही आठवण सांगितलेली आहे.

या शेवटाचं कौतुक आजवर भरपूर झालं, आणि ते रास्तही आहे. पण कौतुक करताना उरलेला अर्धा भाग गिळला जातो. गेम तीन तासांच्या आत संपवला, तर हेल्मेटच नाही, चिलखतही उतरायचं. तासाभरात संपवला, तर ती बिकिनीत उभी. ती बाई आहे हे कळलं, त्याच क्षणी ती खेळणाऱ्याचं बक्षीस झाली. जितका चपळ खेळाडू, तितके कमी कपडे. ही पद्धत मालिकेतल्या पुढच्या अनेक गेममध्येही टिकली.

म्हणून सामसची गोष्ट आम्ही तिच्या हेल्मेटच्या काचेवरून सांगतोय. ती काच कधी उघडते, कुणासाठी उघडते, हे बघत.

[गेम बॉयचा हिरवट पडदा.]

दुसरा भाग गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आला. पडद्याला रंगच नाहीत, मग सामसचं नवं चिलखत ओळखू कसं यायचं? खांद्यांवर दोन मोठे गोल घुमट दिले. आज सामस म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते खांदे त्या अडचणीतून आले. याच भागात, मेट्रॉइड नावाच्या जीवांचा वंशसंहार करायला गेलेली सामस शेवटी अंड्यातून बाहेर पडलेल्या एका पिल्लासमोर येते. ते तिलाच आई समजतं. ती गोळी झाडत नाही. कुणी काही बोलत नाही, संवादाची एक ओळही नाही. एक हात वर उचललेला नाही, एवढ्यावर माणूस कळतो.

१९९४च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये तेच पिल्लू तिला वाचवताना मरतं. सुरुवातीला तिचं थोडंसं निवेदन आहे, त्यानंतर गेम जवळजवळ मुका. आणि खेळाडू हरला, की चिलखत फुटून आतली बाई क्षणभर दिसते. पहिल्या गेममध्ये जिंकलं की दिसायची, इथे मेल्यावर दिसते. खरं सांगायचं तर आम्हाला हे जास्त अंगावर येतं.

[आठ वर्षांची काळी पट्टी. मग पाऊस.]

नंतर आठ वर्षं काहीच नाही. आणि नोव्हेंबर २००२मध्ये अमेरिकेत एकदम दोन गेम.

पहिला, 'मेट्रॉइड प्राइम'. टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओजने बनवलेला. इथे आपण सामसकडे बघत नाही, तिच्या डोळ्यांनी बघतो. वर पाहिलं तर काचेवर पावसाचे थेंब. वाफेतून गेलं तर काच धुरकट. क्ष-किरणांच्या नजरेने बघितलं, तर तोफेच्या आत तिच्या हाताची हाडं दिसतात. आणि जवळच प्रखर स्फोट झाला, की त्या उजेडात काचेवर आतून तिच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब चमकतं. भुवया, डोळे. लगेच नाहीसे. हा चेहरा कुणाला बक्षीस म्हणून मिळत नाही. आपण तिच्या जागी उभे आहोत, म्हणून तो दिसतो. संपूर्ण मालिकेत सामसचं याहून नेमकं चित्रण आम्हाला सापडलं नाही.

दुसरा, 'मेट्रॉइड फ्यूजन'. इथे ती बोलते. एका परजीवीने तिला ग्रासलेलं असतं, चिलखताचे भाग शस्त्रक्रिया करून काढावे लागतात, आणि तिला वाचवणारी लस त्या मेलेल्या पिल्लाच्या पेशींतून बनते. तिचं जुनं चिलखत, जुनी ताकद घेऊन एक प्रतिरूप तिच्यामागे फिरतं. त्याची पावलं ऐकू आली, की लपायचं. खालच्या मजल्यावर उतरताना लिफ्टमध्ये ती स्वतःशी बोलते, आणि ते खटकत नाही. एकटा माणूस बोलेल तसंच ते बोलणं आहे.

२००४चा 'झिरो मिशन' पहिल्या गेमची गोष्ट नव्याने सांगतो आणि शेवटी तिचं चिलखत काढून घेतो. हातात एक छोटं पिस्तूल. शत्रूच्या जहाजात दबकत जायचं. अंगाला चिकटलेला तो निळा पोशाख पुढे पोस्टरवर फार मिरवला. गेममध्ये मात्र त्या पोशाखात असताना घाम फुटतो.

[वी कन्सोल. 'अदर एम'ची दृश्यं, आवाज बंद.]

२०१०. 'मेट्रॉइड: अदर एम'. साकामोतो यांना सामसचं मन दाखवायचं होतं. हेतूवर शंका नाही. पण त्यांनी तिला ॲडम नावाचा जुना वरिष्ठ अधिकारी दिला. शस्त्रं तिच्याजवळ असतात, वापरायची मात्र त्याने परवानगी दिल्यावर. भट्टीसारख्या तप्त भागातून ती भाजत जाते. उष्णतेपासून वाचवणारं चिलखत अंगावर असूनही, तो 'हो' म्हणेपर्यंत ते सुरू करत नाही. रिडली हा तिचा जुना वैरी. त्याला तिने आधीही हरवलेलं आहे, तरी इथे त्याला पाहून ती लहान मुलीसारखी थिजते. भीती दाखवणं चूक नाही. जिच्या बालपणाची त्याच्याच हातून राखरांगोळी झाली, ती थिजेल. पण आज्ञाधारकपणा आणि भीती एकाच गेममध्ये, एकाच बाईच्या माथी मारल्यावर समीक्षक खवळले, त्यात नवल नाही. दोष बोलण्याचा नव्हता. बोलण्याला कुणाची तरी मंजुरी लागत होती.

[लाल-पांढरं चिलखत. अंधारा बोगदा. यंत्राची पावलं.]

२०२१. 'मेट्रॉइड ड्रेड'. स्पेनच्या मर्क्युरीस्टीमने निन्टेंडोसोबत बनवलेला. क्रेड नावाचा अजस्र प्राणी तिच्यासमोर डरकाळी फोडतो. सामस मागे सरत नाही. त्याचं ओरडणं चालू असताना ती शांतपणे तोफेत शक्ती साठवते आणि त्याच्या उघड्या तोंडात सोडते. तिचा स्वभाव सांगायला एवढं पुरेसं आहे.

पुढे चोझो वंशाचा एक म्हातारा तिला लांबलचक हकीकत सांगतो. चोझो म्हणजे ज्यांनी या पोरक्या मुलीला वाढवलं ते लोक. ती ऐकून घेते आणि उत्तर देते, त्यांच्याच भाषेत. हे सारं मी संपवीन, अशा अर्थाचं.

अख्ख्या गेममध्ये तिचं वाक्य एवढं एकच. शेवटाकडे एक किंकाळी आहे, ती वेगळी.