नववीचा निकाल आणि गुरुजींची वेतनश्रेणी

[पडद्यावर: शासन निर्णयाची प्रत. तारीख ठळक होते: २३ ऑक्टोबर २०१७.]

महाराष्ट्रात शिक्षकाच्या नोकरीला १२ वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी. २४ वर्षांनंतर, तीही मोजक्यांनाच, निवडश्रेणी. सेवा भरली, प्रशिक्षण झालं, गोपनीय अहवाल बरे असले की फाइल पुढे सरकते, ही वर्षानुवर्षांची रीत. २०१७ची दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हा शालेय शिक्षण विभागानं या रीतीत नवी अट घातली. प्राथमिक शाळा ‘प्रगत’ हवी, शाळासिद्धी या शाळांच्या सरकारी मूल्यमापनात ‘अ’ श्रेणीत हवी. आणि माध्यमिक शिक्षकाला श्रेणी हवी असेल, तर नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा.

ऐकायला रास्त वाटतं. जो चांगलं शिकवेल, त्याला जास्त पगार. यात वाईट काय?

दहावीचा निकाल बोर्ड लावतं. नववीचा निकाल कोण लावतं? ज्याची श्रेणी त्या निकालावर अडली आहे, तोच. पेपर तोच काढतो, तपासतोही तोच. शाळासिद्धीतसुद्धा शाळा आधी स्वतःचं मूल्यमापन स्वतःच भरते. म्हणजे सरकारनं गुणवत्तेची अट घातली आणि पेन ज्याच्या त्याच्या हातात दिलं.

[दृश्य: शाळेचं प्रवेशद्वार. वर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक.]

दहावीपुरतं बोलायचं, तर त्याचीही एक जुनी वाट आहे. गावोगावच्या पालकांना ती ठाऊक असते. कच्चं पोरगं नववीतच थांबवायचं, नाहीतर पालकांना बोलावून सांगायचं, ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा’. मूल बाहेरून बसलं, की त्याचं नापास होणं शाळेच्या टक्केवारीत येत नाही. फलकावर शंभर टक्के झळकतात. त्यात खोटं काही नसतं. फक्त शंभरातून कोणाला आधीच वगळलं, ते लिहिलेलं नसतं.

नव्या अटीनं नववीचाही निकाल धरला, म्हणजे नववीत अडवायची वाट बंद झाली. पण मग उरलं काय? सरसकट पास.

त्या नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांचे मोर्चे निघाले. बदल्या, ऑनलाइन माहितीची कामं आणि ही अट. दोन वर्षांत, २०१९ मध्ये, अट मागे घेतली गेली. संघटना जिंकल्या. वर्गात काय फरक पडला? काहीच नाही. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीचा धडाही नीट वाचता आला नाही. हा आकडा डोळ्यांपुढे असेल, तर ‘शिक्षकाच्या पगाराला हात लावू नका’ एवढंच म्हणून थांबता येत नाही.

[पडद्यावर: जुनी चित्रं. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधला वर्ग.]

ही कल्पना मंत्रालयात जन्मलेली नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये शिक्षणाचा सरकारी कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी नियम आणला: शाळेचं अनुदान निकालावर. मुलाच्या हजेरीचे चार शिलिंग. वाचन, लेखन, गणित या तिन्हींत पास झालं तर आणखी आठ. एका विषयात नापास, की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. शिक्षकाचा पगार या अनुदानाला बांधलेला. लो यांनी पार्लमेंटात रोखठोक सांगितलं होतं: व्यवस्था स्वस्त नसेल तर ती कार्यक्षम असेल, आणि कार्यक्षम नसेल तर स्वस्त असेल.

ती स्वस्त झाली. इन्स्पेक्टर येणार म्हणून मुलं वाचनाचं पुस्तकच पाठ करायची. कवी मॅथ्यू अरनॉल्ड तेव्हा शाळा-तपासनीस होते. हे शिकवणं यांत्रिक होत चाललंय, असं ते सरकारी अहवालांतच लिहीत राहिले. ज्या विषयाला शिलिंग नाही, तो वेळापत्रकातून मागे पडला. तीसेक वर्षांनी इंग्लंडनं हा नाद सोडला. आपल्याकडे मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही खाजगी शाळांच्या अनुदानाला हाच निकष लागला होता. १९०४ मध्ये कर्झनच्या काळातल्या शैक्षणिक ठरावानं त्याला अधिकृतपणे मूठमाती दिली.

[दृश्य: ग्रामीण आंध्र. दोन-तीन खोल्यांची सरकारी शाळा, व्हरांड्यात बसलेली मुलं.]

इथवरची गोष्ट एकतर्फी आहे. आता जी सांगणार आहे, ती माझ्यासारख्या शंकेखोरालाही विचार करायला लावते.

२००५. आंध्र प्रदेश. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन हे दोन अर्थतज्ज्ञ, अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि राज्य सरकार मिळून एक प्रयोग मांडतात. ग्रामीण भागातल्या ३०० सरकारी प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत वाटल्या जातात. १०० शाळांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या मुलांच्या प्रगतीवर बोनस. १०० शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून. उरलेल्या १०० शाळा आहे तशाच.

पगाराला हात नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुलांची चाचणी, शेवटी पुन्हा चाचणी. सरासरी गुण पाच टक्क्यांहून जास्त वाढले, तर त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. म्हणजे सरासरी १२ टक्क्यांनी वाढली, तर सात गुणिले पाचशे: ३,५०० रुपये. बोनसची सरासरी रक्कम वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

आता बारकावे ऐका, सगळी गंमत तिथे आहे. चाचणी शिक्षक घेत नव्हते, बाहेरून आलेली माणसं घेत होती. मोजली जात होती ती वाढ, एकूण गुण नव्हेत; त्यामुळे हुशार मुलांची शाळा आणि मजुरांच्या मुलांची शाळा एका फुटपट्टीखाली आल्या नाहीत. पहिल्या चाचणीला बसलेलं मूल शेवटच्या चाचणीला गैरहजर राहिलं, तर त्याला कमी गुण धरायचे. सतरा नंबरच्या फॉर्मची वाटच बंद! शिवाय काही प्रश्न पुस्तकी असले, तरी बाकीचे असे होते, की पाठांतरानं सुटू नयेत.

दोन वर्षांनी निकाल आले. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल गणितात साधारण दहा जागा पुढे सरकलं होतं, भाषेत सहा-सात. ज्या विषयांना बोनस नव्हताच, त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही मुलं वर आली. पाठांतराच्या प्रश्नांत पुढे आणि समजेच्या प्रश्नांतही पुढे. तेवढाच पैसा ज्या शाळांत जादा कंत्राटी शिक्षक किंवा साहित्यावर खर्च केला होता, त्यांच्यापेक्षाही या शाळा सरस ठरल्या. पहिल्या वर्षी वैयक्तिक आणि सामूहिक बोनस बरोबरीत होते. दुसऱ्या वर्षी वैयक्तिक पुढे गेला.

एक गोष्ट मात्र हलली नाही: शिक्षकांची हजेरी. जे दांडी मारत होते, ते मारतच राहिले. फरक पडला तो शाळेत आलेल्या दिवशी. जादा तास, गृहपाठ, सराव चाचण्या, कच्च्या मुलांकडे जास्त लक्ष.

हजेरीचं उत्तर राजस्थानात सापडतं. उदयपूरजवळ ‘सेवा मंदिर’ या स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत शिक्षकाला कॅमेरा दिला. दिवसातून दोनदा मुलांसोबत फोटो काढायचा आणि पगार हजेरीच्या दिवसांवर. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१वर आली. निकालाचा इथे संबंधच नव्हता.

[पडद्यावर: अमेरिकेचा नकाशा. अटलांटा शहर.]

मग हे सगळीकडे चालतं का? अमेरिकेत नॅशव्हिलच्या गणित शिक्षकांना वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बोनस देऊ केला होता. तीन वर्षांत मुलांच्या गुणांत ठोस फरक दिसला नाही. अटलांटात तर परीक्षेचे आकडे हेच सर्वस्व झालं. बोनस त्यावर, नोकरी त्यावर. २०११च्या चौकशीत ४४ शाळांमध्ये गैरप्रकार सापडले. उत्तरपत्रिकेवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करणारे मुलं नव्हते, शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं.

आंध्रात रक्कम छोटी होती, मोजणारा तिसरा होता आणि हरल्यास कोणाचा पगार कापला जात नव्हता. आपल्या २०१७च्या अटीत हे तिन्ही उलटं होतं. माझा आक्षेप तिथे आहे. पगार आणि निकाल यांना कधीच एकत्र आणू नये, असं मी म्हणणार नाही. पण वरिष्ठ श्रेणी म्हणजे शिक्षकाच्या घरखर्चाचा, कर्जाच्या हप्त्याचा भाग. तो पणाला लावला की माणूस शिकवण्याआधी आकडा सांभाळतो.

[दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा वर्ग. फळ्यावर पटसंख्या.]

महाराष्ट्रात आंध्रसारखं काही करायचं झालं, तर जिल्हा परिषदांच्या साठ हजारांहून अधिक शाळांत वर्षातून दोनदा चाचणी घ्यायला तटस्थ माणसं कुठून आणायची? आज अशा पाहण्यांनाही बहुतेक वेळा शिक्षक किंवा डीएडचे विद्यार्थीच पाठवले जातात. बोनसचा पाया कोणता धरायचा? एका वर्गात १६,००० रुपये मानधनावरचा शिक्षणसेवक आहे, शेजारच्या वर्गात त्याच्या कितीतरी पट पगार घेणारे गुरुजी. दोघांच्या मुलांची प्रगती सारखीच झाली, तर?

आणि जनगणना, निवडणुकीची कामं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नं ती शिक्षकांवर टाकायला मोकळीक दिली आहे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून वस्तीवर मतदार याद्या तपासत फिरणाऱ्या बाईंच्या वर्गाचे गुण वाढले नाहीत, तर बोनस कापायचा बाईंचा, की तहसीलदारांचा?